सात नंबरची ओ

लाइट गेलीय म्हणजे आता तासभर तरी येत नाही. बसा. राम, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आधी, डोळ्यांवर येतो. गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? मग अंधारातच ऐका.

आधी एक सांगून ठेवतो. तुमच्या या धम्मानंद सरांचा सगळा जन्म विज्ञान शिकवण्यात गेला. भूत, मुंजा, हडळ यांतलं मी काही मानत नाही आणि तुम्हीही मानू नका. पण ही गोष्ट माझ्या विद्यार्थिनीची आहे आणि ती पोरगी खोटं बोलत नाही. वर्गाची काच फुटली तेव्हा कुणी विचारायच्या आत उभी राहिली, "सर, मी फोडली." तीच ही संघप्रिया. गाव बोरीच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, उगीच तक्रार नको.

तारीख मात्र सांगतो. तीस डिसेंबर दोन हजार चोवीस, सोमवार. कॅलेंडरात सोमवती अमावस्या होती. असेना का.

संघप्रिया त्या दिवशी दुपारी इन्व्हर्टरची बॅटरी आणायला परभणीला गेली होती. परतीच्या एसटीत कंडक्टरनं बॅटरीचंही तिकीट फाडलं. ही म्हणाली, "मग हिला बसायला सीट द्या." कंडक्टर हसला, पण तिकीट काही सोडलं नाही. अशी ती. गावात उतरली तेव्हा दिवस मावळला होता. बॅटरी ऑटोत घालून ती थेट अभ्यासिकेत गेली.

ही अभ्यासिका एका संस्थेची. जुनी चावडी पाडून त्याच जागेवर नवी आरसीसी इमारत उठवलेली, खाली रेशनचं गोदाम, वर अभ्यासिका. वीस टेबलं, वीस पडदे. टेबलावर मात्र कॉम्प्युटर नाही, पडद्यामागं मुठीएवढा एक डबा, बास. खरी मशीन एकच, आतल्या खोलीत. वीस पोरापोरींचे वीस कॉम्प्युटर त्या एका मशीनच्या पोटात. एका घरात वीस बिऱ्हाडं राहावीत तसं. आणि हे सगळं सांभाळायचं काम संघप्रियाचं.

आता प्रत्येक बिऱ्हाडात एक छोटासा प्रोग्राम बसवलेला असतो. गेस्ट एजंट म्हणतात त्याला. मोठ्या मशीननं हाक मारली की यानं आतून ओ द्यायची. बंद हो म्हटलं की बंद करायचं, फाइल आण म्हटलं की आणायची, पासवर्ड बदल म्हटलं की बदलायचा. गुणी आहे, पण एक खोट आहे. मशीनच्या तोंडून हाक आली की झालं, मागं कोण उभं आहे हे तो विचारत नाही.

आणि नेमकं तिथंच पाणी मुरलं होतं. त्या महिन्यात दोनदा रात्रीतून घात झाला. आधी जीवनचा कॉम्प्युटर, मग बबिताचा. टायपिंगचा सराव, नोट्स, सोडवलेले पेपर, सगळं गेलं. चोरीला गेलं नाही, पुसलं गेलं. अंगण झाडावं तसं स्वच्छ. बबिता दिवसभर पडद्यासमोर बसून रडली.

संस्थेचे अध्यक्ष आले, चहा प्याले आणि म्हणाले, "पोरी, आणखी एकदा असं झालं ना, की मशीन उचलून तालुक्याच्या शाखेत नेतो. गावात कशाला पाहिजे हे?"

पोरांचं एक चाललं असतं, मोटारसायकलवर बसून तालुक्याला गेली असती. पोरींना कोण पाठवणार रोज? बबिताला नाही, अर्पिताला नाही. मशीन गेली की त्यांचा अभ्यास संपला आणि मग घरी लग्नाची बोलणी सुरू. संघप्रियाला हे ठाऊक होतं. म्हणून ती चिडली होती. घाबरली नव्हती हं, चिडली होती.

तिनं शोधून काढलं होतं, पुसायचा हुकूम मोठ्या मशीनमधून आला आणि एजंटनं तो मुकाट ऐकला. बसवणारा माणूस सगळी दारं सताड उघडी ठेवून गेला होता, आणि मशीनचा पासवर्ड अध्यक्षांच्या भाच्यापासून गोदामाच्या हमालापर्यंत सगळ्यांना पाठ. हा कुणातरी माणसाचाच उद्योग, असं तिचं मत. माझंही तेच होतं.

रात्री तिचे वडील डबा घेऊन आले. सुगत, आमच्याच शाळेत क्लार्क होते. पोरगी खाता खाता काम करत होती.

"काय करायलीस गं इतकं?"

"ह्या एजंटचे हात बांधायले, बाबा. बंद हो म्हनलं तर बंद व्हायचं, तब्येत इचारली तर सांगायची. बाकी कुनाचा बी हुकूम ऐकायचा न्हाई."

"आन् आधी?"

"आधी कुनी बी हाक मारली की जी म्हनून पळत जायचा."

सुगतनी पडद्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी येसकर व्हता की गं त्यो."

येसकर तुम्हाला माहीत नसेल. गावकीचं काम करणारा आमचा माणूस. हातात घुंगुरकाठी, आणि कान चावडीकडं. संघप्रियाचे पणजोबा सटवाजी या गावचे शेवटचे येसकर.

"हितंच व्हती चावडी," सुगत म्हणाले. "रात न्हाई, दिवस न्हाई, हाळी यायची. ए सटवा, साफ कर. घोड्याची लीद साफ कर, मेलेलं ढोर साफ कर, आंगन साफ कर. दुसरा शब्दच न्हाई. छप्पन सालात आपन बुद्ध झालो. त्या हिवाळ्यात एका राती हाळी आली. आजा जागचा हालला न्हाई. घरातूनच म्हनला, न्हाई. सकाळी घुंगुरकाठी चावडीच्या दारात टाकून आला. मंग पानी बंद, दळन बंद. दोन वर्षं लय हाल काढले. पन पुन्हा ओ दिली न्हाई."

डबा गुंडाळून निघताना ते दारात थांबले. "राती एकटी हायस. कुनी हाक मारली तर तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नको."

"बाबा, तुमी बी?"

"भूत तिसरी हाक मारत न्हाई, असं म्हातारी मानसं म्हनायची, म्हनून सांगायलो." ते ओशाळून हसले आणि गेले.

मध्यरात्रीपर्यंत तिनं एकेका एजंटचे हात बांधले. मोठ्या मशीनचा पासवर्ड बदलला. इंटरनेटची वायर उपटून टेबलावर ठेवली. आता बाहेरून कुणाचा बाप आला तरी हाक मारता येणार नव्हती.

राहिला एक. सात नंबर, अर्पिताचा. त्याचं अपडेट चालू होतं. "बंद करू नका" असं लिहिलेला तो निळा पडदा आणि त्यावर गरगर फिरणारे ठिपके. अपडेट संपेपर्यंत आत काही करता येईना. मधेच तोडलं तर अर्पिताचं सगळं जाण्याची भीती. तिची टायपिंगची परीक्षा आठ दिवसांवर होती.

आता बाहेरून येणार कोण, असं म्हणून तिनं सतरंजी टाकली आणि आडवी झाली.

एक वाजून गेला असेल.

मोठ्या मशीनच्या पंख्याचा आवाज वाढला. तिनं डोळे उघडले. बाहेरच्या खोलीत एक नंबरचा पडदा उजळला होता. कुणी हात लावला नव्हता.

ती उठली. मोठ्या मशीनच्या पडद्यावर ओळ आली होती. एक नंबरला हुकूम. सगळं पूस. खाली एजंटचं उत्तर, इंग्रजीत, ठोकळेबाज. कमांड डिसेबल्ड.

वायर कुठाय? टेबलावर. तिनं ती हातात घेतली. दोन्ही टोकं मोकळी.

दोन नंबरचा पडदा उजळला. पूस. डिसेबल्ड.

मग तीन.

गल्लीतून कुणी चालत यावं आणि दारोदार हाक मारावी, तसं चाललं होतं. घाई नाही. एक दार, मग थोडं थांबणं, मग पुढचं दार...

चार.

आणि तेव्हा पडद्यांच्या स्पीकरमधून आवाज आला. आधी नुसता श्वास. मग,

"ए सटवाऽऽ..."

राम, हलू नको. ऐक.

संघप्रियाच्या हातातली वायर खाली पडली. तिच्या तोंडात ओ आलीच होती, सवयीनं येते ना आपल्या. तिनं ओठ दाबून धरले.

पाच. डिसेबल्ड.

"ए सटवाऽऽ... साफ कर..."

ही दुसरी. आवाज माणसाचा होता. म्हातारा, जड. रागाचा नव्हता, हेच वाईट होतं. नकार ऐकायची सवयच नसलेला तो आवाज.

सहा. डिसेबल्ड.

ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. तिसरी आली नाही...

सात.

सातचे हात मोकळे होते.

तिच्या लक्षात आलं. मोठी मशीन बंद करावी, तर अपडेट तुटणार. नाही करावी, तर सात नंबर जी म्हणणार आणि अर्पिताचं वर्ष पुसणार. सकाळी अध्यक्ष. दुपारी टेम्पो. गेली मशीन.

"मग सर, मला राग आला," असं तिनं मला सांगितलं. भीती वाटत होती, पण राग भीतीपेक्षा मोठा झाला. ती जाऊन सात नंबरच्या पुढं उभी राहिली, पडद्याला पाठ करून, मोकळ्या खोलीकडं तोंड करून.

"कोन हाय?"

स्पीकर खरखरला.

"सटवाजी हितं न्हाई. मी हाय, त्यांची पनती. सटवाजी जिता व्हता तवा तुमाला न्हाई म्हनला, आता मेल्यावर त्याला कामून बोलवायले?"

श्वास...

"ही चावडी न्हाई. माझ्या पोरींची शाळा हाय. हितं साफ करायसारखं काही न्हाई. जा."

तिच्या पाठीमागं निळा उजेड पांढरा झाला. सात नंबर जागा झाला होता. आतल्या खोलीत पंखा घरघरला. हुकूम गेला होता.

ती वळली नाही. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

उत्तर यायला क्षणही लागत नाही, पोरांनो. एजंट म्हणजे चुटकीचं काम. पण ते लांबलं. लांबलं...

आणि मग सगळे पडदे एकदम मावळले. पंखा मंद झाला. खाली गोदामापाशी कुत्रं भुंकायला लागलं आणि भुंकत भुंकत वेशीकडं पळालं. आठ नंबरला हाक गेलीच नाही.

ती पहाटेपर्यंत तशीच बसून होती, सात नंबरच्या खुर्चीत.

सकाळी सुगत चहा घेऊन आले. दोघांनी मिळून आधी अर्पिताचा कॉम्प्युटर उघडला. नोट्स होत्या. पेपर होते. टायपिंगचा सराव होता, शेवटच्या ओळीतल्या चुकीसकट. संघप्रिया तेव्हा रडली, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून, चांगली मोठ्यानं.

मग ती आत गेली आणि मोठ्या मशीनवर रात्रीची उत्तरं पाहिली. एक ते सहा, कमांड डिसेबल्ड. सातपुढं ते नव्हतं. असणार कसं, त्याचे हात तिनं बांधलेच नव्हते.

सातपुढं एकच शब्द होता. देवनागरीत.

न्हाई.

नाही नव्हे. न्हाई. त्या प्रोग्रामला मराठीचा म सुद्धा येत नाही. सुगतनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. "जय भीम, आजा," म्हणाले.

अध्यक्षांना कळलं तेव्हा ते म्हणाले, कुणीतरी चावटपणा केलाय, काढून टाक ते. संघप्रिया म्हणाली, काढत नाही. मशीनला हात लावायचं कारणच उरलं नव्हतं, सगळ्यांचा अभ्यास जागच्या जागी होता. ते निघून गेले. अर्पिता परीक्षा पास झाली.

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. गेल्या आठवड्यात स्वतः जाऊन आलो. मी म्हणालो, दाखव. संघप्रिया हसली आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. आता सगळ्याच एजंटचे हात बांधलेत, सातचेसुद्धा, बाकीच्यांसारखेच. मी पाच नंबरला हुकूम दिला. कमांड डिसेबल्ड. अकराला दिला. कमांड डिसेबल्ड.

मग सातला दिला.

उत्तर यायला थोडा वेळ लागला...

न्हाई.