एक झटका म्हणजे सोड

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला साधी थाप मारता येत नाही. मारली की कान लाल होतात. हे सांगताना मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मंगळवार. भर दुपारचे अडीच. नव्या इमारतीचा तिसरा मजला, रिकामा फ्लॅट.

वायरिंगचं काम शिकायला लागून तिला पाच महिने झाले होते. मिस्त्रींनी सकाळीच बजावलं होतं, "आज मी येणार नाही. संध्याकाळपर्यंत हॉलमधून बेडरूममध्ये तार गेली पाहिजे. जमलं तर उद्यापासून कामावर पक्की. नाहीतर दुकानात बसून बल्ब विक."

भिंतीतल्या पाइपातून तार ओढायला दोघं लागतात. एक इकडून सोडतो, दुसरा पलीकडून ओढतो. मधे भिंत, म्हणून खुणा ठरलेल्या. एक झटका म्हणजे सोड. दोन म्हणजे थांब.

तिचे कामातले जोडीदार नेहमीसारखे बेपत्ता. त्यांना सगळे उशीरकाकाच म्हणायचे.

शेवटी तिने एकटीनेच पाइपात तार ओढायची लवचीक स्प्रिंग सारली. बेडरूममध्ये जाऊन टोक बाहेर आलेलं पाहिलं. हॉलमध्ये परतून स्प्रिंगच्या शेपटीला तार बांधली.

आता पलीकडे जाऊन ओढायचं, म्हणून ती उठली...

तार हलली.

एक झटका.

"आलात का? मला वाटलं, आता थेट माझ्या लग्नालाच येताय."

तार सरसर आत जाऊ लागली. चला, नोकरी वाचली, म्हणत ती मांडी घालून तार सोडत बसली.

पाइप फार तर बारा फुटांचा. बंडल अर्धं संपलं, तरी तार जातच होती...

"काका, पुरे की. किती ओढताय?"

"कोणाशी बोलतेस गं?"

आवाज मागून आला.

उशीरकाका दारात उभे होते. हातात डबा.

तार अजूनही जात होती.

तिने ती मुठीत घट्ट धरली. दोन झटके दिले.

तार थांबली.

मग पलीकडून... एक झटका. हळूच. समजूत काढल्यासारखा.

तिने पक्कड उचलली आणि तार तोडली. तुटलेलं टोक उंदराची शेपटी बिळात जावी तसं आत गेलं.

बेडरूम रिकामी. धुळीत फक्त तिच्याच चपलांचे ठसे. स्प्रिंग फरशीवर नीट गुंडाळून ठेवलेली.

तार कुठेच नव्हती.

नोकरी गेलीच असं धरून तिने मिस्त्रींना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"दोन झटक्यांवर थांबला?"

"हो."

"मग आपल्या कामातलाच कोणीतरी."

एवढंच. पाइपाच्या तोंडाशी असलेल्या बॉक्सवर त्यांनी स्वतः झाकण बसवलं, नवी तार भिंतीवरून नेली. जाताना म्हणाले, "उद्या नऊला ये."

आता ती अख्ख्या घराचं वायरिंग एकटी करते. पण तार सोडण्याआधी दोन झटके देते, आणि थांबते.

गेल्या रविवारी आमच्याकडे पंख्याची तार बदलायला आली होती. मी बाळाला थोपटत होते. तिने भिंतीत तार सारली. दोन झटके दिले. थांबली...

तार थांबली नाही, आत जातच राहिली.

मग तार तोडली, बॉक्सला झाकण लावलं.

"ताई, पाळणा या भिंतीपासून लांब ठेव."



पाळणा हलवलाय. बाळ मात्र झोपेत त्याच भिंतीकडे तोंड करतं.