जोडीदाराची चाल

नाही म्हणजे नाही. गाडी आत्ता निघणार नाही. उजाडल्यावर बघू, आणि तेही माझ्या मनात आलं तर. बॅगा त्या भिंतीला टेकवा, दारात आडव्या टाकू नका. आणि तू, चष्मेवाल्या, तो फोन पालथा घाल. कधीचा डोळ्यांवर उजेड मारतोय.

मघाशी काय म्हणालास, परत म्हण जरा. वरती फुटक्या खडकापाशी कोण भेटणार आहे तुम्हाला?

जोडीदार.

आणि त्यानं काय लिहिलंय? 'या. मी पुढं असेन.'

तुमच्यापैकी कुणी बघितलंय त्याला? चौघांतल्या एकानं तरी? लागली ना तोंडाला कुलपं! मग गप बसा आणि ऐका. माझं डोकं आधीच तापलंय, मध्ये बोललात तर शेडबाहेर काढीन.

मी चौथी शिकलेला माणूस. तुमच्या त्या इंटरनेटवरच्या डोंगरवाटांच्या ज्ञानकोशातलं मला ओ की ठो कळत नाही. जे सांगतो ते साडूकडनं ऐकलेलं, थोडं माझ्या कानांनी ऐकलेलं, थोडं डोळ्यांनी बघितलेलं. पटलं तर पटलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वायरमन. खांबावर चढायचा तर माकडानं बघत राहावं असा. पण एकदा खांबावरनं पडला आणि डावा गुडघा कायमचा गेला. चालताना पाय ओढायचा. फर्र... फर्र. दारात यायच्या आधी कळायचं, साडू आला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला दुसरा शनिवार. मी सिमेंटची पोती पोचवून घरी आलो, हातपाय धुतले, जेवायला बसणार तेवढ्यात साडूचा फोन.

"दादा, पिकअप मोकळी आहे का? डोंगराच्या पायथ्याला सोड जरा."

"रात्रीचे नऊ वाजलेत. डोंगरावर कुणाच्या घरातली लाइट गेलीय?"

"लाइटचं नाही. तू ये तर."

गेलो. तर हा दारात उभा. हातात बॅटरी, पिशवीत लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश. खांबांवर नंबर टाकायचा तोच डबा. मेव्हणी मागनं बडबडत होती.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. गुडघा बघा, भोपळा झालाय नुसता. घरातला नळ महिनाभर गळतोय तो दिसत नाही, आणि डोंगरावर रंगकाम करायला निघालेत!"

साडूनं पिशवी काखेत मारली. गाडीत येऊन बसला. एरवी हा तोंडाचा पट्टा थांबवायचा नाही. तोंड असं पांढरं पडलेलं. मी निम्म्या रस्त्यापर्यंत वाट बघितली, मग ब्रेक मारला.

"सांगतोस का उतरतोस?"

मग सांगितलं.

तुमच्यासारखाच नाद होता त्याला. सुट्टीच्या दिवशी डोंगर तुडवायचे आणि रात्री कंप्युटरवर बसून वाट लिहायची. कुठं चढ, कुठं पाणी, कुठं निसरडं. सगळं फुकट. आणि तुमच्यात तो नियम आहे ना? एकानं वाट चालायची आणि लिहायची, ती पहिली चाल. तोवर नकाशात रेघ तुटक. मग दुसऱ्या कुणीतरी तीच वाट चालायची आणि खाली लिहायचं, 'चाललो. बरोबर आहे.' ती दुसरी चाल. मग रेघ सलग. सलग रेघ बघितली की लोक लेकराबाळांना घेऊन निघतात. माना काय हलवताय, तुम्हाला ठाऊकच आहे.

तर या डोंगराची वाट साडू पलीकडच्या अंगानं चढला. फुटक्या खडकापर्यंत नीट आला. तिथं गुडघ्यानं दगा दिला. तिथनं इकडं खाली, आपल्या बाजूला, तो उतरलाच नाही. रखडत आला तसा परत गेला. आणि घरी येऊन खडकापासून रस्त्यापर्यंत रेघ ओढून टाकली. सरळ. म्हणे वरनं एक घळ दिसली, वाट असणारच.

वाट कसली! तिथं कडा आहे. तासलेला. माकड उतरत नाही.

बरं, एवढ्यावर थांबावं ना? नाही. दुसरी चाल करायला कुणी येईना, आणि याला रेघ सलग झालेली बघायची घाई. म्हणून या शहाण्यानं काय केलं? आपणच दुसऱ्या नावानं आत शिरला. नाव घेतलं 'जोडीदार'. आणि स्वतःच्याच वाटेखाली स्वतःच लिहिलं, 'चाललो. बरोबर आहे.'

हसू नका. मीही हसलो होतो. म्हटलं, "बायको घरात बसलीय, आणि तू जोडीदार कंप्युटरात करतोस होय रे?"

तो हसला नाही.

म्हणाला, "दादा, मी ते नाव एकदाच वापरलं. पुन्हा हात नाही लावला. पण ते लिहितंय."

"कोण लिहितंय?"

"जोडीदार. आधी बारीकसारीक लिहायचा. अमक्या वळणावर झाड पडलंय, तमक्या ठिकाणी घोरपड दिसली. मी वर जाऊन बघितलं, झाड खरंच पडलेलं. मला वाटलं, माझा पासवर्ड कुणाला सापडला. बदलायला गेलो, तर मलाच आत घेईना."

"मग?"

"मग त्यानं लिहिलं, या वळणावर पहिला चालणारा दम खायला थांबतो. आणि मी तिथंच थांबतो, दादा. दर वेळी. मी कुणाला सांगितलेलं नाही."

मी गाडी चालू केली.

खरं संकट पुढंच होतं. त्या दिवशी दुपारी एका बापानं त्या वाटेच्या पानावर विचारलेलं. उद्या पहाटे पलीकडनं चढून इकडं उतरणार आहोत. बरोबर दहा वर्षांची मुलगी आहे. खडकाखालची वाट तिला जमेल का? साडू ड्युटीवरनं आठ वाजता घरी आला, कंप्युटर उघडला, तर उत्तर आधीच दिलेलं.

'जमेल. या. मी पुढं असेन.'

साडूनं रेघ पुसली. ती परत आली. पुन्हा पुसली. पुन्हा आली. त्या बापाला लिहिलं, येऊ नका. ती ओळच गायब. तो ज्ञानकोश सांभाळणाऱ्या तुमच्यातल्याच दोघा जाणत्यांना कळवलं, तर म्हणाले, दोघांच्या चाली झाल्यात, आता तू एकटाच नाही म्हणतोस, कड्याचा फोटो आण.

"अरे, मग खरं सांग ना त्यांना!" मी ओरडलो. "सांग, दुसरा कुणी नाहीच, मीच तो गाढव!"

"सांगितलं, दादा. शेवटी तेही लिहिलं. ते पण पुसलं गेलं."

म्हणून तो निघाला होता. खडकापाशी दगड रचून ती बाजू बंद करायची आणि दगडांवर लाल फुल्या मारायच्या. म्हणजे ती पोर तिथं अडेल. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

विजेच्या खांबांखालनं त्यांच्या खात्याची एक वाट आहे. उभी, काट्याकुट्याची. ती खडकाच्या बाजूला निघते. तिथनं तो चढला. मी म्हटलं, मी येतो. तर म्हणाला, "तू गाडीपाशी थांब. फोन चालू ठेव. कुणीतरी खाली पाहिजे." मी फोन लावून, स्पीकर चालू करून सीटवर ठेवला. दिवे बंद केले.

चंद्र नव्हता. त्याची बॅटरी दिसत होती. एक ठिपका. वर... वर... थांबला. दम खात असणार. पुन्हा वर.

साडेअकराच्या सुमाराला फोनवर आवाज आला, "पोचलो. रचतोय."

मग दगडांचा आवाज. ठक. मध्ये त्याचा श्वास. ठक. श्वास. ठक. मी बिडी पेटवली. म्हटलं, चला, होतंय काम.

ठक. ठक. ठक.

मी म्हणालो, "एवढी घाई नको. गुडघा सांभाळ."

ठक. ठक.

"ऐकलंस का?"

"दादा..." हळू. अगदी हळू. "मी थांबलोय."

ठक.

बिडी माझ्या हातातनं पडली.

"मी थांबलोय, दादा. मी इकडनं ठेवतोय... आणि तिकडनं कमी होतायत."

मी गाडीतनं उतरलो. वर बघितलं. त्याचा ठिपका खडकापाशी. तिथंच. आणि त्याच्या खाली... दुसरा ठिपका. कड्याच्या मधोमध. जिथं बोट टेकायला जागा नाही तिथं. हलत होता. खाली-वर. खाली-वर. माणूस पाय ओढत चालला की हातातली बॅटरी हलते, तसा.

फोनमधनं ऐकू आलं.

फर्र... फर्र.

आणि मग आवाज. साडूचाच आवाज. पण साडू बोलत नव्हता. त्याचं रडणं मला वेगळं ऐकू येत होतं.

"चाललो. बरोबर आहे. आता तू."

...

खालचा ठिपका वर सरकत गेला. दोन्ही ठिपके जवळ आले. अगदी जवळ. मग दोन्ही विझले.

मी काय करणार? होतं नव्हतं ते शिव्यांचं गाठोडं सोडलं. त्याच्या आईबापाला, त्याच्या सात पिढ्यांना, जो कोण होता त्याच्या. आणि गाडीत शिरून हॉर्नवर हात ठेवला. काढलाच नाही. हात बधिर होईपर्यंत. डोंगर नुसता वाजत होता. दिवे लावले, बंद केले, लावले. शेवटी हॉर्नच घोगरा झाला.

एक वाजून गेल्यावर झुडपांत खसपस झाली. मी चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली. साडू होता. बसून, घसरत घसरत खाली आलेला. कोपरापर्यंत लाल रंग. मी त्याला उचलून सीटवर टाकलं.

"रचलेस का?"

मान हलवली. हो.

त्याला घरी आणलं. दारात उतरताना माझा हात धरला. म्हणाला, "दादा, त्याचाही डावाच."

"काय डावा?"

"गुडघा."

तो बाप आणि ती मुलगी सकाळी खडकापर्यंत आली. दगडांची रास बघितली, लाल फुल्या बघितल्या आणि गुमान मागं फिरली. घरी पोचल्यावर बापानं तसं लिहिलं. साडूनं ते वाचलं आणि कंप्युटरपुढं लहान पोरासारखा रडला. पोर वाचली होती. एवढंच त्याला हवं होतं.

मग खाली अजून एक ओळ आली. मेव्हणीनंही बघितली, तिनं कंप्युटरची पिनच उपटली.

'दगड काढतोय. पहिली चाल बाकी.'

कळलं का तुम्हाला? दुसरी चाल झाली होती. ती त्यानं केली होती. पण पहिली कुणी केलीच नव्हती ना. साडूनं नुसती रेघ ओढलेली.

सोमवारी साडू त्या दोघा जाणत्यांच्या घरी स्वतः गेला. समोर बसून सगळं सांगितलं, नाक कापून घेतलं. त्यांनी रेघ पुसून टाकली. साडूला काढलं. जोडीदारालाही कायमचं काढलं. साडू शहरात गेला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवस मावळला की दार उघडत नाही. जिन्यात कुणी पाय घासला तरी उठून उभा राहतो.

आता तू सांग, चष्मेवाल्या. दोन वर्षांपूर्वी ज्याला हाकलून दिलं, तो तुम्हाला कसा लिहितोय?

बोल ना! संध्याकाळी तर मोठ्या तोऱ्यात सांगत होतास. 'गंमत आहे काका, या वाटेची दुसरी चाल झालीय आणि पहिलीच नाही. म्हणून आम्ही करायला आलोय.' मला म्हणालास, रातोरात घाटानं पलीकडं सोडा, पहाटे चढू आणि खडकावरनं सरळ इकडं उतरू.

कोण उतरणार होतं सगळ्यात पुढं? तू?

...

शिव्या देतो म्हणून रागवू नका. मी गाडी का काढत नाही ते सांगतो आणि झोपतो. माझ्या पिकअपचा हँडब्रेक धरत नाही. रात्री मागच्या चाकाला मी लाकडी ठोकळा लावतो. कालही लावला होता. सकाळी बघतो तर ठोकळा लांब गवतात पडलेला, आणि चाकाला दगड लावलेला. काळा. डोंगरावरचा.

बॅटरी घे आणि जाऊन बघ. लांबनं बघ. त्याच्यावर लाल फुली आहे.

हात लावू नकोस. रंग अजून ओला आहे.