पाच नंबरच्या ट्राममधली मधू

दिवा राहू दे बंद, सौमित्र. आणि ती चिवड्याची पिशवी खुडखुडवू नकोस बाबा, गोष्ट सांगतोय मी. गोष्ट कसली, घडलेलंच आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात आमच्या शेजारी निहार राहायचा, त्याच्या घरचं. त्याची बायको मंजूषा, तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय मला.

साल दोन हजार तीन, म्हणजे चार वर्षं झाली. भाऊबिजेनंतरचा शनिवार. मंजूषाने मैत्रिणीकडून चकलीचा सोऱ्या आणला होता, तो परत करायला दोघं शहरात गेली. सोबत चार वर्षांची मधू. गप्पांत उशीर झाला. येताना पाच नंबरची ट्राम मिळाली, तीही खच्चून भरलेली. आता आपल्या लोकांची सवय बघा. बसमध्ये बायका पुढे, पुरुष मागे. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये कोण विचारतंय? पण मंजूषा पुढे जाऊन बसली, निहार मागे उभा राहिला. मधूची दोघांत ये-जा चालली होती. दमली, आणि मधल्याच एका सीटवर झोपून गेली. हिला वाटलं, बाबाजवळ आहे. त्याला वाटलं, आईजवळ.

घरचा थांबा आला. ही पुढच्या दाराने उतरली, तो मागच्या. दारं मिटली. ट्राम निघाली.

"मधू कुठाय?" दोघांनी एकदमच विचारलं.

तुम्हाला अजून पोरं नाहीत, तुम्हाला नाही कळायचं. निहार रुळांच्या कडेने ऊर फुटेस्तोवर धावला. धावताधावताच पोलिसांना फोन लावला, मोडक्यातोडक्या डचमध्ये "माझी मुलगी, माझी मुलगी" करत. मागून मंजूषा. हाका मारतेय, असतील नसतील त्या देवांना नवस बोलतेय. ट्राम केव्हाच दिसेनाशी झाली होती.

पुढच्या थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त बाकावर मधू. तिचाच लाल कोट. कुणीतरी उतरवलं असेल, झालं! मंजूषाने झडप घालून उचललं तिला. पोरीने गळ्याला मिठी मारली. हात गार पडलेले. मंजूषा रडतेय, मुके घेतेय. "घाबरलीस का गं माझी बाय?"

"आई, मला परत सोडू नकोस."

आता नीट ऐका. मधूला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची डच. पाळणाघरात जायला लागल्यापासून तिच्या तोंडून एक मराठी वाक्य निघालं नव्हतं. मंजूषा त्यापायी झुरायची.

इतक्यात निहारचा फोन वाजला. पोलीस. मुलगी सापडली. शेवटच्या थांब्यावर. ट्राममध्येच झोपली होती. ड्रायव्हरजवळ आहे, या घ्यायला...

निहार मंजूषाकडे वळला.

"मंजू... तिला खाली ठेव."

"का?"

"ठेव."

"नाही ठेवणार. आई म्हणाली ती मला."

मिठी घट्ट झाली. निहारने फोन मंजूषाच्या कानाला लावला. पलीकडे पोर रडत होती. "मामा! मामा!" इथली पोरं आईला असंच म्हणतात ना... आवाज मधूचा.

मंजूषाने हात सोडले.

मिठी सुटेना.

निहारने ओढलं. सुटेना. श्वास कोंडला तिचा. गुडघ्यांवर बसली बिचारी. "पाया पडते तुझ्या... माझी मधू रडतेय... जाऊ दे मला तिच्याकडे..."

कानाशी कुणीतरी हुंदका दिला.

...

आणि गळा हलका झाला. बाक रिकामा. रस्ता रिकामा.

मधूला आणली घरी. सुखरूप. आज आठ वर्षांची आहे, चांगली दणकट.

मंजूषाच्या मानेवर मात्र दहा बोटांचे वळ उठले. डॉक्टर म्हणाला, आठवड्याभरात जातील. गेले नाहीत. तेव्हा चार वर्षांच्या पोरीच्या बोटांएवढे होते, मी स्वतः पाहिलेत. परवा तिने पुन्हा दाखवले मला. शेजारी मधू उभी होती, मंजूषाने तिचा हात धरून वळांवर ठेवला...

बोटाला बोट जुळलं. आजच्या मधूच्या.