सोळा किलोंचं चक्र

"माही सासू चोर नाही, एवढं दाखवून द्या, ताई," म्हणत जया दारात उभी राहिली, तेव्हा सुमंतकाका पोह्यांवर तर्री ओतत होते. ताई म्हणजे गार्गी. तिच्या तपासात काकांचं काम एखादा प्रश्न विचारायचं. तो बहुधा चुकीचा असे.

खापरखेड्याच्या वस्तीतल्या बायांनी विहारासाठी पितळेचं धम्मचक्र ओतवून घेतलं होतं. नावं कोरलेली जुनी भांडी जयाच्या सासूने, जिजाबाईंनी, घरोघरून गोळा केली आणि एकटीने ऑटोत घालून ओतकाम करणाऱ्या सुशीलकडे पोचवली. तिथल्या काट्यावर ती सोळा किलो भरली. चक्र आलं, सगळ्या खूश झाल्या. मग सीताबर्डीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात वस्तीतल्या मायाला आपण दिलेली, आपल्याच सासूच्या नावाची घागर दिसली.

दुकानदाराने ती तोलून दाखवली, चार किलो. विकणारा मात्र त्याला आठवत नव्हता, आणि संशय जिजाबाईंवर आला.

जिजाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "घागर म्या सोताच्या हातानं काट्यावर ठेवली. आता मले विहारात कोनी पानी नाही विचारत."

सुशीलच्या भट्टीशेजारी जळक्या पितळेच्या मळीचा ढीग होता. तो शांतपणे म्हणाला, "घागर आलीच नाही. चक्र तोलून पाहा. सोळा किलो आले, सोळा परत केले. गुंजभर घट नाही."

चक्र खरंच सोळा भरलं. म्हातारीनेच घागर लांबवली, असं काकांनी मनात ठरवून टाकलं. गार्गी चक्राची जाड, खालून बंद बैठक निरखत होती.

चक्र कापू द्यायला बाया तयार नव्हत्या. तेव्हा गार्गीने जेवणावळीचा पातेल्यासारखा मोठा गंज मागवला. चक्र उकळत्या पाण्यात चांगलं तापवून थर्माकोलच्या पेटीतल्या सोळा लिटर गार पाण्यात बुडवलं आणि थर्मामीटर पाहिला. मग पाणी बदलून, सोळा किलो पितळी भांड्यांचंही अगदी तसंच केलं.

सुशीलसकट सगळे विहारात जमले.

"भांड्यांनी पाणी सहा अंश तापवलं, चक्राने पाचच," गार्गी म्हणाली.

"वाटेत निवलं असेल," काका म्हणाले.

"वाट दोघांची सारखीच होती, काका. चक्र सगळं पितळेचं नाही. शिसं वजनाला जड, पण किलोमागे पितळेच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच उष्णता धरतं. म्हणजे शिशाच्या प्रत्येक किलोला दोन तृतीयांश तूट. इथे एकूण तूट एक षष्ठांश आहे. तेव्हा पाव वजन शिशाचं, चार किलोंच्या आसपास, बंद बैठकीत दडवलेलं."

काकांना दुकानातला काटा आठवला.

"घागर आलीच नसती, तर सोळाच्या सोळा किलो पितळ चक्रात असतं. चार किलोंची भर कशाला घालावी लागली? आणि भट्टीत पितळ थोडं जळतंच, मळी तिथेच पडली होती. घट आली नाही असं हे म्हणाले, तेव्हाच मला शंका आली."

सुशीलची मान खाली गेली. जुनी, जाड घागर अख्खी विकली तर जास्त भाव येतो, एवढंच तो पुटपुटला.

मायाने दुकानातून आणलेली घागर जिजाबाईंपुढे ठेवली. ती म्हणाली, चक्र नव्याने ओततील तेव्हा ही त्यात घाला.

"नको वं, माया," जिजाबाई म्हणाल्या. "इथंच पानी भरून ठेव. अन् पयला गिलास मले दे."

मायाने घागर घासली, भरली आणि गिलास दोन्ही हातांनी पुढे केला. जिजाबाई सावकाश, सगळ्यांसमोर पाणी प्यायल्या.