पाच मिलिमीटरची फट

"डोळे मिटा."

कॉलेजच्या वर्कशॉपच्या दारात तिने पाऊल टाकलं, तोच कुणीतरी हुकूम सोडला. आता, तिला कुणी हुकूम सोडला की ती आधी 'का?' विचारते, आणि मग बहुतेक वेळा ते करतच नाही. त्या दिवशीही तिने विचारलं, "का?" – आणि समोर असा लखलखाट झाला की तिला वर्कशॉपही दिसेना आणि दारही.

"म्हणून," मुखवट्याआडून आवाज आला.

ती भिंत चाचपत उभी राहिली. डोळ्यांतून धारा. कुणीतरी तिच्या हातात ओला, गार रुमाल दिला.

"रडताय का?"

"पाणी येतंय. फरक असतो दोन्हींत."

रुमाल बाजूला केल्यावर तिला आधी हिरवे ठिपके दिसले, मग ठिपक्यांमागे एक चेहरा. गालावर काजळी, कपाळावर मुखवट्याचा वळ... आणि हसू दाबण्याचा केविलवाणा प्रयत्न. कॉलेजचा नवा वेल्डर. हसू चांगलं होतं, हे तिने मनातल्या मनात कबूल केलं आणि त्याचा लगेच रागही धरला.

तिने काखेतली ड्रॉइंगची गुंडाळी त्याच्यासमोर उलगडली. शेवटच्या वर्षाच्या आठ जणांच्या टीमने मोठा घाट घातला होता. कॉलेजच्या अंगणात छातीइतक्या उंच खांबांवरून बारा मीटर रूळ जाणार, आणि त्यावरून खोक्याएवढ्या गाड्या पळणार – ड्रायव्हरशिवाय. स्टेशनावरचं बटण दाबा, गाडी येईल, मध्ये कुठे न थांबता हव्या त्या स्टेशनाला जाईल. गाड्यांना अक्कल देणारा प्रोग्रॅम तिचा. तिची पहिली गाडी दर वीतभर अंतरावर थांबायची, म्हणून टीमने तिचं नाव 'ब्रेक' ठेवलं होतं. तिचे बाबा बस चालवायचे; ते रोज चहा पिताना म्हणायचे, "चालू दे तुझी गाडी, मी घरी बसायला मोकळा."

वेल्डरने ड्रॉइंगवर बोट फिरवलं. "सांध्यात फट नाही ठेवलेली?"

"गाईड सर नको म्हणाले. फट दिसली तर परीक्षकांना काम कच्चं वाटेल."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. तिने ड्रॉइंगची उगाच पुन्हा गुंडाळी करायला घेतली.

"बरं," तो म्हणाला आणि मुखवटा खाली ओढला. "डोळे मिटा."

या वेळी तिने मिटले.

मग वर्कशॉपमध्ये तिची कामं वाढली. आज एक ब्रॅकेट, परवा दुसरं, तेरवा पहिल्याचंच माप चुकलं म्हणून तिसरं... तो मुकाट्याने करून द्यायचा. फक्त एकदा म्हणाला, "मॅडम, पूल बांधताय का?"

"तुम्हाला कंटाळा आला असेल तर राहू दे."

"मी कुठे म्हटलं कंटाळा आला?"

ती घाईघाईने निघाली आणि ब्रॅकेट तिथेच विसरली. मग ते न्यायला पुन्हा आली. तोपर्यंत त्याने ते पुसून दारातच ठेवलं होतं.

प्रदर्शनाला आठवडा उरला आणि गाडी अडायला लागली. सकाळी लोण्यासारखी धावायची. दुपारी मात्र तिसऱ्या खांबाजवळ चाकं करकचून जाम. तिथेच तिच्या प्रोग्रॅमचा एक सेन्सर होता, त्यामुळे खापर फोडायला डोकं शोधावं लागलं नाही.

"ब्रेकने ब्रेक लावला," टीमचा कॅप्टन म्हणाला. सगळे हसले.

गाईड सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक रिमोट काढला. "प्रदर्शनाच्या दिवशी पडद्यामागून यावर चालवू. तुझा प्रोग्रॅम बंद ठेव."

"सर, मग ती स्वयंचलित कशी?"

"परीक्षकांना चालताना दिसली म्हणजे झालं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर जीव ओतलेलं काम, आणि वर आयुष्यभराचं खोटं! ती तडक वर्कशॉपमध्ये गेली आणि स्टुलावर बसली. या वेळी मात्र डोळ्यांतलं पाणी निव्वळ पाणी नव्हतं.

 त्याने दोरीचं एक रीळ उचललं. "चला."

अंगणात रणरणतं ऊन होतं. दोन खांबांच्या मध्ये त्याने रुळालगत दोरी ताणून धरली. रूळ दोरीपासून बोटभर बाहेर फुगला होता.

"सकाळी बघा, दोरीला चिकटलेला असतो. लोखंड उन्हात वाढतं, मॅडम. दोन्ही टोकं पक्की आवळलेली, सांधे बंद. जाणार कुठे बिचारं? फुगतं, आणि गाडी दाबून धरतं. तुमचा प्रोग्रॅम ठणठणीत आहे."

तुमचा प्रोग्रॅम ठणठणीत आहे... एवढ्या चार शब्दांवर कुणाच्या प्रेमात पडू नये, हे तिला कळत होतं. पण वेळ निघून गेली होती.

तिने सरांना दोरी दाखवली. सर दोरीकडे नाही, वेल्डरकडे बघत राहिले. "आता रूळ कसे असावेत हे वेल्डर शिकवणार? ट्रॅकला कुणी हात लावायचा नाही."

ऐकायचं नाही असं ठरवलं की तिला ऐकू येतच नाही. प्रदर्शनाच्या सकाळी, रूळ गार असताना, ती हातकरवत घेऊन तिसऱ्या खांबाशी उभी राहिली. तो धावतच आला.

"इकडे द्या, मी कापतो."

"तुम्ही कापलंत तर नोकरी जाईल. माझं फार तर वर्ष जाईल."

"मग मी धरतो. धरायला बंदी नाही."

त्याने खडूने पाच मिलिमीटर अंतरावर दोन तिरक्या रेघा मारल्या. सरळ कापलं तर चाक आपटतं, तिरकं कापलं तर अलगद पार होतं. तिने करवत चालवली. त्याच्या हातांनी धरलेला रूळ जराही हलला नाही. दुसरा काप संपत आला आणि मागून आवाज आला.

"हे काय चाललंय?" गाईड सर.

"रूळ कापतेय, सर. पाच मिलिमीटर."

"गाडी अडली तर तुझं नाव प्रकल्पातून काढून टाकीन."

"अडली तर काढा." तिने टेबलावरचा रिमोट उचलला, त्यातले सेल काढले आणि स्वतःच्या खिशात टाकले. "पण चालेल ती तिच्या अकलेने."

सर लाल झाले. पण पाहुणे यायला लागले होते.

परीक्षक बाई त्यांच्यापाशी पोचल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता. नेमकी ऐन उन्हाची वेळ. बाईंनी शेवटच्या स्टेशनावरचं बटण दाबलं. पहिला खांब... दुसरा...  तिने डोळे गच्च मिटले.

"आज नाही," तो मागून हळूच म्हणाला. "आज उघडे ठेव."

उघडे ठेवा नव्हे, उघडे ठेव. तिने उघडले. गाडी फटीवर आली, हलकेच टक् वाजलं – आणि ती पुढे गेली. बाईंनी पुन्हा बटण दाबलं. आणि पुन्हा. गाडी दर वेळी मुकाट्याने आली.

टाळ्या झाल्या, फोटोग्राफर आला. सर रांग लावत म्हणाले, "फक्त टीम."

"मग टीम पुरी नाही," ती म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. एव्हाना वर्कशॉपच्या दारात जाऊन उभ्या राहिलेल्या त्याचा काळा झालेला हात तिने सगळ्यांदेखत धरला आणि त्याला ओढत आणलं.

"सगळे बघतायत."

"बघू देत. फोटो मी बाबांना दाखवणार आहे."

"हा कोण म्हणाले तर?"

"सांगेन, ज्याच्यासाठी मी चौदा ब्रॅकेट करून घेतली आणि लागत होती सहा, तो हा."

त्याने या वेळी हसू दाबलं नाही. "मला सातव्यालाच कळलं होतं."

"मग पुढची सात कशाला केलीस?"

"तू येत होतीस म्हणून."

सरांनी जोरात घसा खाकरला. कुणी लक्ष दिलं नाही.

"तुम्ही दोघं," फोटोग्राफर ओरडला, "मध्ये फट दिसतेय, जरा जवळ या."

"पाच मिलिमीटर राहू दे," ती पुटपुटली. "ऊन फार आहे."

त्याने एकही ठेवला नाही.