बसायची परवानगी

माझ्या नवऱ्याला तुरुंगात शिपायाची नोकरी लागली तेव्हा आम्ही घरात पोट धरून हसलो होतो. हा माणूस कैद्यांना काय दरडावणार? आधी तो एका गोदामात कामाला होता, ते बंद पडलं. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती. तो त्यांना भरवायला बसायचा आणि घासागणिक कुणाची तरी नक्कल करायचा. सासूबाई हसता हसता घास बाहेर काढायच्या, की हा तितक्याच प्रेमानं तोंड पुसायचा.

"कैदीच तुला दम देतील," मी म्हणाले होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांधे आणि स्नायू हा माझा रोजचा धंदा. पुढे जे सांगते आहे ते त्याच नजरेनं पाहिलेलं आहे, एवढं लक्षात असू द्या.

सुरुवातीला तो कामावरून पडेल चेहऱ्यानं यायचा. एकदा जेवताना म्हणाला, "आमचा जमादार म्हणतो, तू त्यांच्याशी बोलताना 'जरा' म्हणतोस. जरा सरका, जरा थांबा. म्हणतो, तो 'जरा' काढून टाक, मग बघ."

त्यानं काढून टाकला. तिथं काढला आणि घरातूनही गेला. "जरा पाणी देतेस?" याचं "पाणी" झालं. नकला थांबल्या. सासूबाई घास तोंडात धरून त्याच्याकडे बघत राहायच्या, आणि तो म्हणायचा, "गिळ."

एके दिवशी मात्र खुशीत आला. "आज बराकीत नुसता पाय टाकला आणि सगळे एकदम उभे राहिले. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं." त्या दिवशी तो पोटभर जेवला. चला, रुळला एकदाचा, असं वाटून मला बरंच वाटलं होतं.

पावसाळा सरता सरता त्याची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. आम्ही दारातून आत शिरलो आणि बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. सगळी. मग एकमेकांकडे पाहून ओशाळली. एका काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "माझा नंबर लागला का हो?"

गणवेशामुळे झालं असेल, असं म्हणायचीही सोय नव्हती. तो साध्या शर्टात होता.

पुढे हे होतच राहिलं. बँकेत, केस कापायच्या दुकानात, माझ्या भावाच्या घरी. मी कारणं शोधत राहिले. मग एका रविवारी मी स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होते. तो दारात आला आणि माझे गुडघे सरळ झाले. मांडीवरचे मटार फरशीवर घरंगळले. स्नायू आकसल्याशिवाय गुडघा सरळ होत नाही, आणि आकसायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. बसू म्हटलं तर बसता येईना.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. उठले सहज."

त्याला कळलं होतं. तो दाराला टेकून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याला ते आवडलं. मग "बस" म्हणाला, आणि मी बसले. त्याच वेळी त्याचा हात धरून त्याला त्या नोकरीतून बाहेर ओढायला हवं होतं. मी खाली वाकून मटार वेचत बसले.

त्यानंतरच्या एका दुपारी तो लवकर घरी आला. त्याच्या बुटांचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाईंच्या खोलीत ताटली पडल्याचा. मी धावले. तो टोपी हातात घेऊन उंबऱ्यातच थिजला होता.

सासूबाई उभ्या होत्या. पलंगाजवळ, आमच्याकडे पाठ करून, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ. हात दोन्ही बाजूंना सरळ. मी सवयीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाचा टेकलेल्या, भार दोन्ही पायांवर सारखा. तो उजवा पाय रोज मीच उचलून वाकवत होते. त्याच्यावर भार पडणं शक्यच नव्हतं.

"आई, बसा. पडाल." मी त्यांना धरलं. अंग लाकडासारखं ताठ होतं.

झटक्यानंतर सासूबाईंच्या तोंडून धड एक शब्द उमटला नव्हता. त्या भिंतीकडे बघत, स्वच्छ बोलल्या.

"साहेब, गुडघ्यांत जीव नाही राहिला. बसू का?"

त्याच्या हातातली टोपी गळून पडली. "बस," तो म्हणाला. "आई, बस. बस ना गं."

तेव्हाच त्यांचे गुडघे वाकले. मी त्यांना पलंगावर घेतलं. उजवा पाय पुन्हा लुळा होता.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसला. मी समोर उभी होते. त्यानं मान खाली घालून "बस" म्हटल्यावर बसले.

"एक घड्याळजी होता," तो म्हणाला. "वयस्कर. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता त्याचा. नवीन आलेल्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, आपण बस म्हणेपर्यंत बसू द्यायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत. तो हेच म्हणाला होता. हेच शब्द. तिथं मी एकटाच होतो. मी कुणाला सांगितलेलं नाही."

"मग?"

"मी चहा प्यायला गेलो."

"विसरलास?"

"विसरलो असतो तर बरं झालं असतं. चहा पिताना सारखं तेच मनात होतं. तो अजून उभा असेल, माझ्या एका शब्दासाठी. चहा गोड लागत होता. मग मी घरी आलो. आपण जेवलो. सकाळी गेलो तेव्हा तो भिंतीशी पडलेला होता."

"गेला?"

त्यानं मान हलवली. "हृदय बंद पडलं म्हणाले. जमादारानं माझी पाठ थोपटली."

दुसऱ्याच दिवशी त्यानं नोकरी सोडली आणि घड्याळजीच्या बायकोकडे गेला. तिच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, सगळं सांगायचं होतं, मग तिनं पोलिसांत दिलं तरी चालणार होतं. दार उघडंच होतं. ती शिवण घेऊन बसली होती. त्याला पाहताच उठली, वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"बसा, एवढंच म्हणू शकलो," तो मला म्हणाला. "आणि परत आलो."

सासूबाई पुढे वर्षभरात झोपेतच गेल्या. तो एका रोपवाटिकेत कामाला लागला. झाडांमध्ये त्याला बरं वाटायचं. कुठल्याही दारातून आत शिरायच्या आधीच तो म्हणायला लागला, "बसा, बसा." लोक मला म्हणायचे, किती अदब आहे हो तुमच्या मिस्टरांना. त्याचे पाणावलेले डोळे त्यांना दिसायचे नाहीत.

मला दिवस गेले तेव्हा तो पुन्हा थोडा हसायला लागला. आठव्या महिन्यात सोनोग्राफी होती. तो बाहेर थांबतो म्हणाला.

"सगळं छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोकं खाली आहे. बोलवा की बाबांना."

मी हाक मारली.

आनंदाच्या भरात 'बसा' म्हणायचं विसरून तो आत आला. बाई स्टुलावरून उठल्या आणि हसल्या. "अगंबाई, मी का उठले?"

"बसा," तो पुटपुटला.

त्यांनी यंत्र पुन्हा पोटावर टेकवलं. त्यांचं हसू मावळलं. "आत्ता तर खाली होतं..."

माझ्या बरगड्यांखाली काहीतरी टणक येऊन टेकलं होतं. डोकं. पडद्यावर दोन पाय दिसत होते, खाली सरळ ताणलेले. आमच्याकडे पाठ होती.

तो भिंतीला धरून उभा होता.

"सांग ना त्याला," मी म्हणाले.

"बस," तो म्हणाला. "बस, बाळा."

आणि माझ्या पोटात, अगदी हळू, दोन गुडघे वाकले.