शांत खोलीतला चहा

साल होतं १९९६. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावरून हेरिंग मासे कधीच निघून गेले होते आणि त्यांच्यामागोमाग निम्मं गावही. उरलेल्यांसाठी टेकडीवर एक लहानसं रुग्णालय होतं. ते अजून चालू कसं, याचं सगळ्यांनाच नवल वाटे.

तिथं सुरक्षेला दोन माणसं होती. रोना ड्यूअर पोलिसातून निवृत्त होऊन आलेली. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, नजर मात्र शाबूत. आणि टॅम बुखन, दाराएवढा रुंद, मनानं मऊ, डोक्यानं जरा सावकाश.

चोर पकडायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येई. मन ठिकाणावर नसलेलं माणूस पोलिसांनी आणून सोडलं, की शहरातला डॉक्टर येईपर्यंत त्याला सांभाळायचं, हेच त्यांचं खरं काम. त्यासाठी एक ‘शांत खोली’ होती. आत जाणाऱ्याचे बूट आणि पट्टा काढून घ्यायचे, पायात राखाडी मोजे द्यायचे. चहा मागितला तर निम्मं थंड दूध घालून कोमटच द्यायचा, म्हणजे कुणी फेकला तरी कुणी भाजत नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी विल्मा गेडीज त्या खोलीत होती. वय पन्नाशीचं, मासळीच्या कारखान्यात सुरी चालवून बोटं वाकलेली. सकाळपासून ती बंदराच्या भिंतीच्या अगदी टोकाला पाण्याकडे बघत उभी होती. हाक मारली तरी वळेना, म्हणून पोलिसांनी उचलून आणलं.

तिचा भाऊ सँडी बाहेर बाकावर बसला होता. चाळिशीचा बाप्या, पण मन सहा वर्षांचं. शेजारणीनं आणून सोडलेला. बुटाच्या नाड्या लोंबत होत्या. टॅम बांधायला वाकला तर तो असा किंचाळला, की टॅमच दचकून मागं सरला.

“पायाला हात लावू देत नाही कुणाला,” शेजारीण म्हणाली. “फक्त विल्माला.”

थोड्या वेळानं पलीकडे एका दारुड्या खलाशानं खुर्च्या फेकायला सुरुवात केली. टॅमला धावावं लागलं. जाताना त्यानं शांत खोलीचं दार कीथ लेअर्डवर सोपवलं. कीथ एजन्सीनं पाठवलेला नर्स, या रुग्णालयातला त्याचा पहिलाच दिवस.

टॅम परतला तेव्हा कीथ स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभा होता आणि सिस्टर उना पेट्री काय झालं म्हणून त्याला विचारत होती.

“तिनं उकळता चहा फेकला माझ्यावर!” कीथ म्हणाला.

उनानं रोनाला बोलावून घेतलं. “डॉक्टर इनिस निघालेत शहरातून. हल्ला केला म्हटल्यावर ते तिला घरी सोडणार नाहीत. कुलूपबंद वॉर्डात नेतील.”

“आणि सँडी?” टॅमनं विचारलं.

“त्याला संस्थेत टाकतील. दुसरं काय?”

रोनानं सुस्कारा टाकला. “डॉक्टर यायच्या आत बघू या. चल टॅम, माझे गुडघे पुढं, तू मागं.”

शांत खोलीत फरशीवर चहाचं थारोळं होतं आणि बाजूला एक कागदी कप. रोनानं तो उचलून दाबला. कप टणकन् परत फुगला. आतल्या मेणाचा थर नव्यासारखा चकचकीत होता.

“हे पाण्याच्या पिंपाजवळचे कप ना?”

“हो. थंड पाण्याचे,” टॅम म्हणाला.

विल्मा पलंगाच्या कडेला बसली होती.

“चहा फेकलास का गं?”

“काय सांगितलं म्हणजे मला घरी जाऊ देतील?” विल्मा म्हणाली. “तेवढं सांगा. तेच म्हणते मी.”

रोना कप घेऊन स्वयंपाकघरात आली.

कीथचे डोळे तांबरलेले होते. उजव्या हाताची बोटं आणि वरच्या पेरांची कातडी लाल झाली होती. पांढरा सदरा मात्र परीटघडीचा.

“कपडे बदललेस?”

“कुठले बदलू? एवढा एकच जोड आणलाय.”

“चहा कधी केलास?”

“दारावर येतानाच घेऊन आलो. किटलीतून थेट कपात ओतला. इथं गार द्यायची पद्धत आहे, हे मला कोण सांगणार?”

“आणि तिनं चहा फेकेपर्यंत दारातून हललास का?”

“एक पाऊल नाही.”

“टॅम, याच्या हातात कप होता?”

“असेल बुवा. दारुडा खुर्च्या फेकतोय, तिथं हात कोण बघतो?”

उना तेवढ्यात स्वतःसाठी चहा ओतत होती. एका हातात किटली, दुसऱ्या हातानं झाकणावर दाबून धरलेला टॉवेल.

“हे काय?” रोनानं विचारलं.

“झाकण सैल झालंय. धरलं नाही तर निसटतं आणि सगळी वाफ हातावर येते. नवी किटली मागून मागून थकले मी.”

“कीथ ओरडलेला ऐकलंस?”

“ऐकलं ना. म्हणून तर इकडं स्वयंपाकघरात धावले. हात नळाखाली होता बिचाऱ्याचा.”

मग रोना बाहेर जाऊन सँडीशेजारी बसली. खिशातलं बिस्किट तिनं त्याला दिलं. त्यानं ते मोडून अर्धं विल्मासाठी टोपीत ठेवलं. त्याच्या दोन्ही बुटांवर आता दुहेरी, घट्ट, सारख्या मापाच्या गाठी होत्या.

“कुणी बांधल्या रे?”

“गुपित आहे,” सँडी म्हणाला आणि त्यानं ओठ मिटून घेतले.

टॅमला काहीच कळलं नाही. “कोणीतरी बांधल्या असतील,” तो म्हणाला.

“कोणीतरी, हेच तर,” रोना म्हणाली.

डॉक्टर इनिस ओल्या कोटानिशी आले, तेव्हा रोनानं सगळ्यांना स्वयंपाकघरातच बोलावलं. विल्मालाही. रोनानं पिंपाजवळचा एक कोरा कप घेतला, झाकण टॉवेलनं धरलं आणि उकळतं पाणी कपात ओतलं. बघता बघता कप लुळा पडला, बूड सुटलं, पाण्यावर मेणाचे थेंब तरंगू लागले.

“खोलीतला कप अजून कडक आहे,” ती म्हणाली. “त्यात उकळता चहा कधी पडलाच नाही. गार झालेला चहा ओतला कुणीतरी, मागाहून. अंगावर चहा फेकलेल्या माणसाच्या सदऱ्यावर एक थेंब नाही. भाजलंय ते बोटांच्या वरच्या बाजूला. इथली जुनी माणसं झाकण धरतात. नवा माणूस धरत नाही आणि वाफ खातो. शिवाय उनाला ओरडणं ऐकू आलं ते स्वयंपाकघरातून. कीथ, तू दारावर नव्हतास.”



“रात्रभर दुसऱ्या रुग्णालयात होतो,” कीथ अखेर म्हणाला. “तिथून थेट इथं. उभ्या उभ्या झोप येत होती. वाटलं, घोटभर चहा घेऊ. दार सोडलं हे कळलं असतं तर एजन्सीनं हाकललं असतं. सिस्टरनं विचारलं काय झालं, आणि तोंडातून तेच निघालं. मग ते खरं करायला, सिस्टर तुम्हाला बोलावत होती तेव्हा, गार चहा आणि कप खोलीत...”

“म्हणजे दार उघडं होतं?” टॅम आता कुठं जागा झाला. “मग विल्मा...”

“विल्मा बाहेर गेली होती,” रोना म्हणाली. “सँडी आला तेव्हा नाड्या लोंबत होत्या. आता दुहेरी गाठी आहेत. त्या पायांना हात लावणारं माणूस जगात एकच.”

विल्मानं मान खाली घातली. “हो, गेले होते. अडखळून पडला असता तो. बाहेर गेले म्हटलं तर पळाली म्हणाल, नाही म्हटलं तर चहा फेकला म्हणाल. मीच त्याला गुपित ठेव म्हटलं.”

“बाकाशेजारीच मोठं दार आहे,” डॉक्टर हळूच म्हणाले. “उघडं. खाली बंदर. मग परत का आलात?”

विल्मानं टॅमकडे बोट केलं. “यांनी खोलीत बसा म्हणून सांगितलं होतं.”

“आणि सकाळी भिंतीवर?”

“दमले होते हो. नुसती उभी राहिले होते. उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.”

डॉक्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि विल्मासमोर बसले. बराच वेळ बसले.

त्या संध्याकाळी विल्मा सँडीचा हात धरून घरी गेली. पुढं आठवड्यातून दोनदा एक मदतनीस सँडीला फिरायला नेऊ लागली आणि विल्मा तेवढा वेळ झोपू लागली.

कीथला एजन्सीनं काढून टाकलं. नंतर तो एका वृद्धाश्रमात कामाला लागला. दर नाताळला विल्माला कार्ड पाठवायचा. विल्मानं कधी उत्तर दिलं नाही, पण एकही कार्ड फेकलंही नाही. दार आपणही सोडलं होतं, हे टॅमनं स्वतःहून वर कळवलं, बोलणी खाल्ली आणि कामावर राहिला. उनाला नवी किटली मिळाली, ती निवृत्त व्हायच्या महिन्यात. डॉक्टर इनिसांची कुठं बदली झाली, कुणाला आठवत नाही. रुग्णालय आता बंद आहे.

रोना गेली त्या वर्षी थंडी फार होती. दफनाला विल्मा आली होती, हातांची बोटं आता पार वळलेली. सँडीचे केस पांढरे झाले होते आणि एका बुटाची नाडी चिखलात लोळत होती. विल्मा खाली वाकली, पण बोटांनी गाठ काही बसेना.

सँडीनं आजूबाजूला पाहिलं. मग दोन पावलं चालून तो टॅमसमोर थांबला आणि त्यानं पाय पुढं केला.

टॅम, आता त्याचेही गुडघे गेलेले, ओल्या गवतात टेकला. सँडी किंचाळला नाही.

“दोनदा बांध,” तो म्हणाला.